लेकराच्या हातातला रणगाडा



बोनसचा पैसा हाती आला की वस्तीतल्या घराघरांत काही ना काही नवे येते. कुठे कुकर येतो, कुठे कूलरची मोटर बदलली जाते आणि उरलेल्या पैशांतून लेकरांसाठी एखादे खेळणे येते. अलीकडे या खेळण्यांत प्लॅस्टिकच्या ब्लॉकचा डबा हमखास असतो. एकावर एक दाबून बसवायचे रंगीत ठोकळे. डब्यावर सुंदर बंगल्याचे चित्र असते. आईबापांना वाटते, लेकरू बंगला बांधील. पण दोन दिवसांत चित्राचा कागद हरवतो आणि पोरगा त्याच ठोकळ्यांची भलतीच गाडी करून बसतो. तिला सहा चाके, वर फिरणारी तोफ, मागे दोन नळकांडी आणि पुढे एक लाल डोळा. विचारले तर म्हणतो, "ही शंभर वर्षांनंतरची लढाईची गाडी आहे."

अकोल्याच्या एका भगिनीने आमच्याजवळ तक्रारच केली. "भाऊ, चारशे रुपयांचे ब्लॉक आणून देल्ले, अन् या पोट्ट्यानं त्याची लढाईचीच गाडी केली. घर कर म्हनलं त करतच नाही. पैसे पान्यात गेले." त्यांचे पती दालमिलमध्ये हमाली करतात. चारशे रुपये म्हणजे त्या घरी लहान रक्कम नव्हे. त्यांच्या तक्रारीत दोन प्रश्न आहेत. एक, पैसे खरेच वाया गेले काय? दुसरा, बुद्धाला मानणाऱ्या घरात लेकराने तोफांच्या गाड्या कराव्यात काय? या आठवड्यात आपण याच दोन प्रश्नांचा विचार करू.

सुताराच्या कारखान्यातून

हे ब्लॉक आले कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. डेन्मार्क नावाचा युरोपात एक लहानसा देश आहे. तेथे बिलुंड या खेड्यात ओले कर्क ख्रिश्चनसेन नावाचा सुतार राहात होता. जगभर मंदीची लाट होती, घरे बांधून घेणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. दोन वर्षांनी त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. डॅनिश भाषेतल्या 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांतून ते नाव जुळवले होते. पुढे प्लॅस्टिक आले. एकमेकांवर बसणाऱ्या ठोकळ्यांची कल्पना त्याच्याआधी इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेज यांनी केली होती. डेन्मार्कच्या कारखान्याने ती घेतली, सुधारली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ब्लॉकच्या पेटंटसाठी अर्ज केला.

सुधारणा कोणती होती? सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ असत. एकावर एक बसत, पण धक्का लागला की सुटत. नव्या ठोकळ्याच्या पोटात नळ्या घातल्या. वरच्या खुंट्या या नळ्यांच्या आणि भिंतींच्या मधे घट्ट बसू लागल्या. एवढासा बदल, पण त्यामुळे खेळणे टिकले. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, म्हणून आता तसेच ब्लॉक अनेक कारखाने करतात आणि ते आपल्या बाजारातही मिळतात. दुसऱ्याची वस्तू पाहून तिच्यातली उणीव ओळखणे आणि ती दूर करणे, यालाच रचना म्हणतात. लेकरू जेव्हा म्हणते की चाक नीट बसत नाही म्हणून मी ते आत घेतले, तेव्हा तेही हेच काम करत असते.

आता हिशेब पाहा. आठ खुंट्यांचे एका रंगाचे दोन ब्लॉक घेतले तर ते २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. आणि सहा घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकारे! कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकावर ही मोजणी केली. एक्क्याण्णव कोटींच्या वर प्रकार आणि तेही फक्त सहा ठोकळ्यांचे. डब्यावरचा बंगला हा यांतल्या एखाद्या प्रकारासारखा. लेकराने तो सोडून दुसरा शोधला, तर त्याने पैसे वाया घालवले असे आम्ही म्हणणार नाही.

भविष्यातलीच गाडी कशाला?

लेकरे आजचा रणगाडा न करता शंभर वर्षांनंतरचा का करतात? याचे एक कारण त्या कारखान्याच्या धोरणातही आहे. आजच्या खऱ्या लढायांत दिसणारी शस्त्रे आणि लष्करी वाहने आपण खेळण्यात आणायची नाहीत, असे त्याचे धोरण आहे. २०२० साली त्यांनी सैन्यात वापरल्या जाणाऱ्या एका विमानाचा डबा तयार केला होता. जर्मनीतल्या शांततावादी लोकांनी विरोध केला आणि तो डबा ऐनवेळी मागे घेतला गेला. पण १९७८ पासून त्यांनी अवकाशयाने आणि चांद्रगाड्या मात्र बाजारात आणल्या होत्या. जगभरच्या मुलांनी आणि मोठ्यांनीही त्या करड्या निळ्या ठोकळ्यांतून आपापल्या मनाच्या लढाऊ गाड्या करायला सुरुवात केली. तळहातावर मावतील एवढ्या गाड्या करणे हा आज अनेक देशांत मोठ्या माणसांचाही छंद झाला आहे.

कोणी म्हणेल, ही तर नुसती कल्पनेची भरारी. तर एक गोष्ट सांगतो. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी डिसेंबर १९०३ मध्ये एका मासिकात एक कथा लिहिली. त्या कथेत ऐंशी ते शंभर फूट लांबीच्या पोलादी गाड्या खंदक ओलांडून शत्रूवर चालून जातात. तेव्हा रणगाडा नावाची वस्तू जगात कोठेच नव्हती. तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत इंग्रजांनी पहिल्यांदा खरे रणगाडे उतरवले. त्यांतले बरेच वाटेतच बंद पडले किंवा खड्ड्यात अडकले, पण कथेतली गाडी जमिनीवर आली. हे गुपित फुटू नये म्हणून ती पाण्याची टाकी आहे, असे कारखान्यात सांगत. म्हणूनच इंग्रजीत तिला टँक म्हणतात. उन्हाळ्यात आपण ज्या टँकरची वाट पाहतो, त्याचे आणि रणगाड्याचे नाव एकाच टाकीवरून आले आहे.

मराठीतही विज्ञानकथा लिहिल्या गेल्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, आणि तिथून त्यांचे विज्ञानकथालेखन सुरू झाले. चांगल्या विज्ञानकथेचा नियम एकच. कल्पना कितीही लांबची करा, पण विज्ञानाला सोडून नको. लेकराच्या गाडीलाही आम्ही हाच नियम लावतो. गाडी शंभर वर्षांनंतरची असू दे, पण तिचे वजन कशावर आहे ते सांग.

काळ्या मातीचा धडा

अमरावतीला आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी पंधरा-वीस मुलेमुली जमतात. तीन घरांनी मिळून घेतलेले ब्लॉक एका डालग्यात एकत्र केले आहेत. गाडी करण्याआधी त्यांना पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावी लागतात. गाडीचे काम काय? तिचे माप काय? ती कोणत्या जमिनीवर चालेल? तिचे वजन कुठे आहे? आणि माणूस कुठे बसतो?

मापाचे उदाहरण पाहा. आठ खुंट्यांचा ब्लॉक खुंट्या सोडून ९.६ मिलिमीटर उंच असतो. पातळ पट्टी ३.२ मिलिमीटरची, म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ब्लॉक. एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीचे अंतर ८ मिलिमीटर. आता समजा, एक ब्लॉकची उंची म्हणजे एक माणूस. भारतीय सैन्यातला टी-७२ रणगाडा तोफेची नळी सोडून सुमारे सात मीटर लांब, साडेतीन मीटरांहून थोडा जास्त रुंद आणि सव्वादोन मीटरांच्या आसपास उंच आहे. या मापाने तो पाच खुंट्या लांब, अडीच खुंट्या रुंद आणि एक ब्लॉक व एक पट्टी एवढा उंच होतो. म्हणजे आगपेटीपेक्षाही लहान! आपली एस.टी. याच मापाने सात-आठ खुंट्यांची होईल. आठवीच्या मुलाला गुणोत्तर शिकवायला याहून सोपे साधन आम्हाला सापडलेले नाही.

पण अडीच खुंट्या कशा आणायच्या? येथे डोके चालवावे लागते. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर उंची १६ मिलिमीटर होते, आणि दोन खुंट्यांची रुंदीही १६ मिलिमीटरच. म्हणजे ब्लॉक आडवे पाडूनही मापात बसतात. उभ्याने जे माप साधत नाही, ते आडवे पाडून पट्ट्यांनी साधता येते. हे एका सातवीतल्या मुलीने पट्टी लावून स्वतःच शोधून काढले. आम्ही तिला सांगितले नव्हते.

जमिनीचा प्रश्न वऱ्हाडातल्या लेकरांना शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी कशी रुतते, ते त्यांनी मामाच्या गावी पाहिलेले असते. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद, त्यामुळे सारा भार दोन बोटे जागेवर येतो आणि चाक जमिनीत जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हीच अडचण होती. तेथल्या मऊ जमिनीत वाफेचे जड ट्रॅक्टर रुतत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने १९०४ साली चाके काढून त्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवून पाहिले. भार पसरला, ट्रॅक्टर चालला. पुढे हाच पट्टा रणगाड्याखाली गेला. म्हणजे रणगाड्याचा पाय शेतातून आला आहे! टी-७२ चे वजन चाळीस टनांच्या वर, पण पट्ट्यांमुळे एका चौरस सेंटीमीटर जमिनीवर पडणारा भार एक किलोहूनही थोडा कमीच असतो.

याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आले. ते त्या काळातले नामांकित रणगाडे होते. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले, आणि ते जड रणगाडे चिखलात फसले. ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी उघड्या जीपवर बसवलेल्या तोफेने उसाच्या आडून एकामागून एक रणगाडे फोडले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ही हकिगत सांगितली त्या रविवारी मुलांच्या गाड्या एकदम लहान झाल्या. त्याआधी प्रत्येकाला आपली गाडी सर्वांत मोठी हवी होती. मोठे तेच बळकट, हा समज एका जीपने काढून टाकला.

वजनाचा धडा आम्हाला एका गवंड्याने शिकवला. त्यांचा मुलगा अभ्यासिकेत येतो. मुलाची गाडी उचलली की मधोमध तुटत असे. बाप त्याला न्यायला आला होता. दारात उभ्या उभ्या त्यांनी गाडी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बापा, सांध्यावर सांधा आला नं तुहा. भिंत अशी बांधली त मालक मले हाकलून देईन." मग खाली बसून त्यांनी दाखवले की खालच्या दोन विटांचा सांधा जेथे आहे, त्यावर वरच्या विटेचा मध्य आला पाहिजे. पुन्हा बांधलेली गाडी वीतभर उंचीवरून सतरंजीवर टाकली, तरी तुटली नाही.

बंधू-भगिनींनो, आम्हाला या प्रसंगात फार मोठी गोष्ट दिसते. तो गवंडी चौथीपर्यंत शिकलेला. लेकराच्या अभ्यासातले आपल्याला काही कळत नाही, असे तो नेहमी म्हणे आणि शाळेच्या पालकसभेलाही जात नसे. त्या दिवशी पंधरा मुले त्याच्याभोवती बसली आणि तो शिकवत होता. आपल्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणारा वेगळा आणि आराखडा काढणारा वेगळा, अशी वाटणी करून ठेवली. ज्याने इमारत बांधली त्याला नकाशा कळू नये आणि ज्याने नकाशा काढला त्याच्या हाताला चुना लागू नये. या वाटणीमुळे आपल्या घरांतले हातांचे ज्ञान ज्ञान म्हणून कोणी मोजलेच नाही. गवंड्याचा सांधा, गाडीवाल्याचा अंदाज, शिवणाऱ्या आईचा कापडावरचा खडू, हे सारे रचनेचेच शास्त्र आहे. लेकराच्या खेळात ते उपयोगी पडले की लेकराला बापाची किंमत कळते आणि बापाला स्वतःची.

आम्ही मुलांना तयार गाडीची तीन चित्रे आलेखाच्या कागदावर काढायला लावतो. एक वरून, एक समोरून, एक बाजूने. आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला गेल्यावर पहिल्याच वर्षी यंत्राचे चित्र असेच काढावे लागते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. त्याच्या फाटकासमोरून आपली किती माणसे रोज सायकलने कामाला जातात! आत जाणाऱ्या लेकरांना या चित्रांचीच पहिल्या वर्षी फार भीती वाटते. ज्याने बारा वर्षांच्या वयात आपल्याच गाडीची तीन चित्रे काढली आहेत, त्याला ती वाटणार नाही.

आतला माणूस

आता दुसरा प्रश्न. पंचशील म्हणणाऱ्या घरात रणगाडा कशाला?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. मात्र खेळणे हातातून हिसकावून घेतल्याने तो सुटत नाही. लेकरे बातम्यांत लढाई पाहतात, सिनेमात पाहतात. शिवाय आपल्या समाजाचे सैन्याशी नाते जुने आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला होता. पुढे ही मशीनगनची रेजिमेंट झाली आणि तिच्या चिन्हावर आजही दोन मशीनगन आहेत. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतल्या आजोबांचा फोटो आहे. सैनिक असणे आणि हिंसेची हौस असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लेकरांना कसा सांगायचा, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या वस्तीत एक निवृत्त सुभेदार राहतात. एका रविवारी आम्ही त्यांना बोलावले. मुलांनी आपापल्या गाड्या मांडल्या. कुणाला दोन तोफा, कुणाला चार. कुणाच्या गाडीतून किरण निघत होते. सुभेदारांनी एकेक गाडी हातात घेतली. तोफेविषयी ते काहीच बोलले नाहीत. प्रत्येकाला एकच विचारले, "बेटा, गाडीले आग लागली त आतला मानूस निंघन कुठून?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. कोणाच्याही गाडीला दार नव्हते. मग त्यांनी सांगितले की टी-७२ मध्ये तीन माणसे असतात. चालक पुढे, जवळजवळ निजूनच बसतो. दोघे वर तोफेच्या दोन बाजूंना. पाय पसरायला जागा नाही. राजस्थानच्या उन्हात बाहेरचे पोलाद हात भाजेल एवढे तापते. खोलीएवढी मोठी दिसणारी वस्तू आतून कपाटाएवढी असते. आणि तोफेच्या दुसऱ्या टोकालाही असेच तीन जण बसलेले असतात, त्यांनाही आया असतात. एवढे सांगून ते चहा घेऊन घरी गेले.

पुढच्या रविवारी प्रत्येक गाडीला दार होते. दार करायचे म्हणजे बिजागरीचा तुकडा लावावा लागतो, वरची तोफ सरकवावी लागते, मग वजन एका बाजूला जाते, मग चाके हलवावी लागतात. एका दारासाठी साऱ्या गाडीची रचना बदलली. दोघातिघांनी तोफा काढूनच टाकल्या, कारण माणसाला जागा पुरत नव्हती. आणि एका नववीतल्या मुलीने पट्ट्यांवर चालणारी बंद गाडी केली, तिच्या मागे उतरती फळी होती. आम्ही विचारले, ही कोणत्या कामाची? ती म्हणाली, "काकाजी, माही गाडी लढत नाही. लढनाऱ्याले उचलून आनते. दोन्ही बाजूच्या."

यावर आम्ही प्रवचन केले नाही. करायची गरजही नव्हती. लढाईची गाडी करू नको, असे सांगितले असते तर ती गाडी झालीच नसती. पोटाशी धरलेल्या खेळण्यात माणूस दिसला पाहिजे. तो दिसला की करुणा शिकवावी लागत नाही.

पैशांचे काय?

आता व्यवहाराचे बोलू. ब्लॉक घ्यायचे असतील तर एकट्याने घेऊ नका. दोनतीन घरांनी मिळून घ्या. म्हणजे तुकडेही जास्त होतात आणि खर्चही वाटला जातो. डब्यावर आयएसआय चिन्ह आहे काय, ते पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते असणे सक्तीचे आहे. अगदी स्वस्त मालाच्या खुंट्या ढिल्या असतात. दुकानदाराला दोन ठोकळे जोडून दाखवायला सांगा. उलटे धरल्यावर खालचा पडला तर घेऊ नका. चित्रात मोठी वस्तू दाखवणाऱ्या डब्यापेक्षा साधे चौकोनी ठोकळे, पातळ पट्ट्या आणि चाके जास्त असलेला डबा बरा. आणि घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल तर हे तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकण्याची भीती असते.

आणि पैसे नसतील तर? तरीही अडायचे कारण नाही. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले अभियंते. पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी करीत होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवण्याच्या कामाला गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे लहान तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घन, मनोरे करून दाखवले. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे मुलांना बोटांनी कळले. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी हेच काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत. आणि आपल्या वऱ्हाडात तर ज्वारीच्या धांड्याच्या बंड्या, तारेच्या गाड्या, जुन्या चपलेच्या रबराची चाके आपण सर्वांनीच केली आहेत. पुठ्ठ्यावर आठ-आठ मिलिमीटरचे चौकोन आखून कापले तर त्याचेही ब्लॉक होतात. पाच प्रश्न मात्र तेच ठेवायचे.

मुलींना वेगळे काढू नका. अनेक घरी ब्लॉकचा डबा भावाला आणि भातुकली बहिणीला, अशी विभागणी होते. आमच्या अभ्यासिकेत मापाची अडचण एका मुलीने सोडवली आणि जखमींची गाडीही मुलीनेच केली, हे वर आलेच आहे.

अभ्यासाची काळजी असणाऱ्या पालकांसाठी एवढेच सांगतो. स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली म्हणून अकोल्याच्या त्या घरी ब्लॉकचा डबा माळ्यावर गेला होता. आम्ही त्या भाऊंना विनंती केली की डबा खाली काढा, पण रविवारचे दोनच तास द्या, आणि त्या दोन तासांत गाडीची मापे वहीत लिहून घ्या. त्यांनी ते केले. आता पोट्टा वहीत लिहितो आणि बाप वाचून दाखव म्हणतो. बापाला वाचता येते थोडेच, पण मालाने भरलेला ट्रक कुठे भार घेतो आणि कुठे कलतो, हे त्यांना वीस वर्षांच्या हमालीने माहीत आहे. पोरगा गाडीत वजन वर ठेवतो तेव्हा ते त्याला सांगतात, "जड थे खाली ठेव, नाही त वळनावर पलटी खाईन."

तेव्हा आमचे सर्व पालकांना सांगणे आहे. लेकराने चित्राबाहेरची गाडी केली तर रागावू नका. जवळ बसा. तुम्हाला इंग्रजी येत नसेल, गणित विसरले असेल, तरी दोन प्रश्न विचारता येतील. पहिला, "हे असंच काहून केलं?" दुसरा, "आतला माणूस बाहेर कसा येईल?" पहिल्या प्रश्नाने लेकरू विचार करायला शिकेल. दुसऱ्याने ते कोणासाठी विचार करायचा, ते शिकेल.

येत्या रविवारी घरातल्या मुलांना घेऊन बसस्थानकावर जा. उभ्या एस.टी.ची लांबी पावलांनी मोजा, दारे मोजा, आणीबाणीची खिडकी कुठे आहे ते पाहा. घरी येऊन ती वहीत काढायला सांगा. तुमच्या वस्तीतल्या मुलांनी केलेल्या गाड्यांविषयी आम्हाला अवश्य कळवा. चांगल्या पत्रांची दखल आम्ही या सदरातून घेऊ.